फिजिक्सची सावड

"आठ डोकी," प्राचार्य म्हणाले. "आठ म्हणजे आठ. साडेसात चालणार नाहीत."

बारावीचा निकाल लागून आठवडा झाला होता. मी बीएस्सीचा फॉर्म भरला होता आणि मुख्य विषयाच्या चौकटीत ठळक अक्षरांत 'फिजिक्स' लिहिलं होतं. खिडकीतल्या क्लार्कने तो शब्द असा वाचला, जसा काही मी तिथे 'हत्ती' लिहिलाय. मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि मला प्राचार्यांकडे पाठवलं.

आमचं कॉलेज शहापूर-मुरबाड रस्त्यावर आहे. दोन्ही तालुक्यांतली पोरं तिथे येतात, आणि दोन्ही तालुक्यांत आषाढात एकच विषय शिकवला जातो : आवणी. आवणी म्हणजे भाताची लावणी. राबातली, म्हणजे आधी पेरलेल्या वाफ्यातली, रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, चिखल केलेल्या खाचरात वाकून एकेक लावत मागे सरकायचं. घरातलं चालतं-बोलतं प्रत्येक माणूस त्यात लागतं. आदल्या वर्षी फिजिक्सला बारा जणांनी प्रवेश घेतला होता. आषाढ लागला आणि बाराच्या बारा असे नाहीसे झाले की लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसेनात. लॅबमध्ये उरल्या एक मॅडम, एक लॅब असिस्टंट आणि एक लंबक. लंबक बिचारा आपले झोके आपणच मोजत होता.

आर्ट्सच्या पोराला गैरहजेरी चालते. ऑक्टोबरात उगवायचं, गाइड आणायचं, पेपर द्यायचा. फिजिक्सला प्रॅक्टिकल असतं, जर्नल असतं, तिथे देह लागतो. म्हणून प्राचार्यांनी यंदा अट घातली : जुलैचे तीन आठवडे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी बारा वाजता, लॅबमध्ये आठ डोकी. ते स्वतः येऊन मोजणार. एक दिवस एक डोकं कमी पडलं, की वर्ग बंद आणि सगळ्यांची रवानगी केमिस्ट्रीला.

तेव्हा आमची डोकी होती तीन. त्यांतली दोन मीच पटवलेली.

माझ्यासाठी हा जिवाचा प्रश्न होता, आणि मी हे वाढवून सांगत नाही. वाढवून काय सांगतोय ते पुढे तुम्हाला कळेलच. आमचं घर आटगावजवळ. आईने निर्णय दिला होता : फिजिक्स इथे मिळालं तर शीक. कल्याणला नाय. केमिस्ट्री घ्यायची तर तीन वर्षं रडत शिकणार, त्यापेक्षा मावशीच्या नवऱ्याकडे पडघ्याला गोडाऊनमध्ये जा. तिथे खोक्यांवर स्कॅनर मारायचा, दिवसभर 'टी टी' आवाज ऐकायचा. मावसाजींनी माझ्यासाठी जाकीटसुद्धा बाजूला काढून ठेवलं होतं.

फिजिक्सच का, तर त्याला कारण एक केस. अकरावीत असताना लॅबमधल्या याच मॅडमनी जत्रेतला लाल लेझर आणला, प्रत्येकाला घरातल्या माणसाचा एक केस आणायला सांगितला आणि केसावर उजेड पाडून भिंतीवर उमटलेल्या पट्ट्यांवरून त्याची जाडी काढली. मी आईचा केस नेला होता. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही बारीक निघाला. मी लहानपणापासून थापा मारत आलोय. आमच्या विहिरीतला मासा माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत मगर होतो. पण त्या दिवशी पहिल्यांदा असं काहीतरी हाती लागलं, की ज्याला मीठमसाला लावायची गरजच नव्हती. आईचा केस, जत्रेतला लेझर आणि भिंत. आणि सगळं खरं! मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं आणि मी त्या विषयाच्या प्रेमात पडलो.

तर पाच डोकी कमी होती.

लॅब असिस्टंटला आम्ही सगळे नाना म्हणायचो. नानांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून एकही थर्मामीटर फुटला नाही. जे फुटले ते, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आपल्या मर्जीने फुटले. वर्ग बंद पडला तर त्यांना लायब्ररीत धूळ झटकायला बसवणार होते, आणि नानांना धुळीची सर्दी. ते मला म्हणाले, "स्कूटर माझी, तोंड तुझं. चल, पोरं गोळा करू."

निघताना मॅडमनी एक कागद दिला. फिजिक्स शिकून पुढे काय काय करता येतं, त्याची यादी. सरळ, स्वच्छ, बारा ओळींची. मी वाचली. सगळी खरी होती, म्हणून मला फिकी वाटली. घडी घालून खिशात ठेवली आणि रस्त्यात तिला माझ्या पद्धतीने फोडणी दिली.

पहिल्या घरातल्या पोराला पोलीस भरतीचं वेड होतं. त्याच्या वडिलांना मी म्हटलं, "भरतीत गोळाफेक असते ना? बाकीची पोरं ताकद लावतात. फिजिक्सवाला कोन लावतो. गोळा मैदानाबाहेर जातो, साहेब लोक शोधायला जीप पाठवतात." दुसऱ्या घरी वायरमन होते. त्यांना सांगितलं, की फिजिक्स शिकलेल्याला वीज ओळखते, शॉक देत नाही. त्यांनी खिशातला टेस्टर काढून माझ्यापुढे धरला. नाना खोकले. तिसऱ्या घरी मुरबाडच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांची नावं मी अशी घेतली, जणू सगळे मालक काल रात्री आमच्याकडे जेवून गेलेत.

आणि तिन्ही घरी उत्तर एकच आलं. वायरमनच्या बायकोने ते सगळ्यांत स्वच्छ शब्दांत दिलं : "नोकरीचं मागून बघू रे. आषाढात आवणीला कोण, तू येशील?"

बाहेर स्कूटरला किक मारता मारता नाना म्हणाले, "म्हणजे यांना भविष्याची काळजी नाय. यांना जुलैची काळजी हाय."

आणि मला सुचलं. एवढं मोठं सुचलं की नानांच्या स्कूटरचा टायर बसला. (टायर आधीच बसलेला होता असं नाना म्हणतात.) आमच्याकडे सावड असते. म्हणजे आज आम्ही तुमच्या शेतावर, उद्या तुम्ही आमच्या. मजुरी नाही, हिशेब फक्त दिवसांचा. वाड्या-पाड्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, पण ती भावकीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत. फिजिक्सच्या बॅचने सावड घालायची, हे मात्र आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी तसाच मागे फिरलो, वायरमनच्या ओटीवर चढलो आणि म्हणालो, "मी एकटा नाय येणार काकी. अख्खी बॅच येईल! आठ जणं! मंगळवार-शुक्रवार सोडून सांगाल तेव्हा!"

काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "आठ?"

"आठ."

"लिव्ह माझ्या पोराचं नाव."

त्या आठवड्यात मी हे वाक्य सगळ्या घरी म्हटलं, आणि सगळ्या घरी नाव मिळालं. शेवटचं घर डोळखांबकडचं. तिथे एक मुलगी होती, बारावीला गणितात आमच्या सगळ्यांहून वरचढ. तिचे वडील अंगणात बांबू चिरत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी म्हटलं, "मामा, नमस्कार."

मुलगी दारातून म्हणाली, "मामा नको म्हणू. काका म्हण."

मला आधी कळलंच नाही. नानांनी कानात सांगितलं, की मामाची पोरगी म्हणजे काय होतं ते विसरलास का. मी लगेच काका म्हणायला लागलो, घाईघाईत तीन वेळा म्हटलं. आणि त्या गोंधळातून सावरण्यासाठी जरा जास्तच जोर लावला. रॉकेट काढलं. उपग्रह काढला. अमेरिका काढली, डॉलरमध्ये पगार काढला. ही इथून गेली की थेट आकाशातच दिसेल, असं म्हणालो. काका बांबू चिरत राहिले. शेवटी म्हणाले, "आवणीला किती जणं येतील म्हणालास?"

"आठ."

"आमची शेतं वर हायत. गरवं भात. सगळ्यांच्या मागून आवणी लागते. तवा पण येतील?"

"येणार म्हणजे येणार!"

"मग लिव्ह नाव."

परत येताना मी नानांना म्हटलं, "बघितलं? रॉकेटने काम केलं." नानांनी नुसता स्कूटरचा वेग वाढवला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कॉलेज सुरू होण्याआधी दोन आठवडे मॅडमनी आमचा जादा तास घेतला. त्या म्हणाल्या, "बारावी पास झालात म्हणजे तुम्हाला फिजिक्स येतं असं नाही. तुम्हाला फिजिक्सचा पेपर येतो." खरं होतं ते. आम्हाला सूत्रं पाठ होती, पण अंश आणि रेडियन यांत कॅल्क्युलेटर कुठल्या खुंटीवर आहे ते बघायची सवय नव्हती. साइन तीसचं उत्तर माझं उणे आलं आणि मी ते समर्थपणे पटवूनही दिलं. लॉग टेबल, व्हर्नियर, स्क्रूगेज, आलेखाचा उतार, आणि सगळ्यांत कठीण म्हणजे चूक किती ते लिहायचं. उत्तराच्या पुढे 'अधिक-उणे' लावून आपली चूक आपणच सांगायची! माझ्या स्वभावाला हे इतकं परकं होतं, की पहिले चार दिवस माझा हात त्या चिन्हाशी आला की आपोआप थांबायचा. डोळखांबची मुलगी मात्र त्यात लगेच रमली. तिला चूक किती ते काढताना उत्तर काढल्यापेक्षा जास्त मजा यायची.

मग पाऊस लागला आणि एका रविवारी सकाळी माझा फोन वाजला. "आमची रोपं तयार हायत, उद्या या." पाच मिनिटांनी दुसरा. मग तिसरा. दुपारपर्यंत डोळखांब सोडून, आमच्या आईसकट सात घरांनी मला उद्याचीच तारीख दिली. साहजिकच होतं, पाऊस काही माझा शब्द बघून वाडीवाडीने पडत नाही. आठ माणसं, सात शेतं, एक सोमवार. मी फोन बंद केला आणि तापाने आजारी पडायचा विचार करू लागलो.

डोळखांबची घरी आली ती तडक विचारत : "रोपं तयार म्हणजे किती? कुणी मोजली का?"

कुणीच मोजली नव्हती. तिने सगळ्यांना ग्रुपवर मेसेज टाकला : उंची सांगा. उत्तरं आली : एक वीत. दीड वीत. वीत आणि चार बोटं. वायरमनची वीत एवढी मोठी, की त्यांची दीड वीत म्हणजे शेजारच्या म्हातारीच्या जवळजवळ दोन. ती डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, "प्रत्येकाच्या घरात वेगळा मीटर हाय."

नानांनी तोडगा काढला. लॅबमधली मीटरपट्टी घेऊन त्यांनी कारवीच्या आठ काठ्या कापल्या, सेंटिमीटरच्या खुणा पाडल्या, त्यावर लाल रंग भरला, आणि घरोघर एकेक पोचवली. रोज सकाळी राबात काठी रोवायची, दहा रोपं मोजायची, सरासरी ग्रुपवर टाकायची. म्हाताऱ्या हसून लोळल्या. "भाताला शाळेत घालणार का रे?" असं एकीने मला तोंडावर विचारलं. पण सगळ्यांना तीन दिवस कसंबसं थोपवून डोळखांबचीने आलेख काढला. लवकर पिकणारं हळवं भात कुठे, उशिराचं गरवं कुठे, कुणाचं रोप रोज किती वाढतंय, कुणाचं थांबून राहू शकतं, सगळं आलं. सात घरं 'उद्याच' म्हणत होती. आलेखाप्रमाणे खरोखर उद्याची होती फक्त दोन. बाकीच्यांना दोन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत सवड होती. मी ते कागद घेऊन घरोघर गेलो आणि सांगितलं, की हे गणित मुंबईहून तपासून आणलंय. तेवढं सांगायला लागतं. लोकांचा आपल्या गावातल्या पोरीपेक्षा मुंबईवर जास्त विश्वास.

मग सुरू झालं. मंगळवार-शुक्रवार लॅब, बाकी पाच दिवस चिखल. मॅडमनी आपली लेक्चरं त्या दोन दिवसांवर आणली. इतर विषयांच्या प्राध्यापकांना आम्ही त्या महिन्यात फारसे भेटलो नाही, त्यांची माफी मागतो. प्लॅस्टिकचे कागद डोक्यावर बांधून आम्ही आठ जण खाचरात उतरायचो. माझी आवणी बघून आई पहिल्याच दिवशी म्हणाली, "ही वळ हाय का साप गेलाय?" त्यानंतर मला लावायला कुणी दिलंच नाही. माझ्याकडे मुठी वाहायचं काम आलं, आणि बोलायचं. बोलणं मी मनापासून केलं. बांधावर तांदळाची भाकरी आणि सुकट खाताना आम्ही एकमेकांना प्रश्न विचारायचो : चिखलातून पाय काढताना जोर का लागतो, पावसाचा थेंब एवढ्या उंचावरून पडून डोकं का फोडत नाही. या दुसऱ्या प्रश्नावर मी एक तास बोललो होतो. उत्तर पोलीस भरतीवाल्याने दोन वाक्यांत दिलं.

आणि दर मंगळवारी, दर शुक्रवारी बारा वाजता प्राचार्य यायचे, दारात उभे राहून बोटाने मोजायचे, "...सहा, सात, आठ," आणि जायचे. पाच वेळा आले, पाचही वेळा आठ. उरला शेवटचा शुक्रवार.

शेवटची आवणी होती डोळखांबची. बुधवार-गुरुवार आम्ही तिथे राबलो. शुक्रवारी सकाळी सहालाच सगळे पुन्हा वर पोचलो. तीन खाचरं उरली होती, साडेनऊपर्यंत उरकायची आणि दहाची एसटी धरायची. पावणेदहा वाजता दोनच खाचरं झाली होती. तिचे वडील बांधावर आले, हात धुतले आणि शांतपणे म्हणाले, "आता तुमी निघा. ही नाय येणार."

मला वाटलं, आजच्यापुरतं म्हणतायत. "काका, आजच तर मोजणार आहेत. आज ती नसली तर वर्गच बंद. सगळ्यांचा."

"तुमचं तुमी बघा. तिला आता पाठवायची नाय."

"पण तुम्ही शब्द दिला होता!"

"नाव लिवायचा शब्द दिला होता. तू आठ माणसं आणायचा दिलास. दोघांनी पाळला. एक खाचर सोडलं तर माझं शेत लागलं." आणि ते हसले. जूनपासून पहिल्यांदा हसले. माझ्यासारख्या थापाड्याला त्या बांबू चिरणाऱ्या माणसाने महिनाभर आधीच गुंडाळून ठेवलं होतं! मला राग यायला हवा होता. पण खोटं कशाला बोलू, मला पहिल्यांदा आदर वाटला.

ती मात्र भडकली. हातातली मूठ चिखलात आपटून म्हणाली, "बाबा! तुमी मला एका शब्दानं नाय सांगलंत!"

"तुला काय सांगू? तू जाणार, हे यानंच सांगलंय." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "राकेट. अमेरिका. आकाशात दिसंल म्हणाला. मला एकच पोर. ती तिकडं गेली तर आमी म्हातारा-म्हातारीनं काय वर बघत बसायचं?"

वायरमनच्या पोराने माझ्याकडे कसं बघितलं, ते मी सांगत नाही.

"बाबा," ती म्हणाली, "याचं काय धरून बसलात? हा तर म्हणतो लॅबच्या दुर्बिणीतनं याला माहुलीच्या किल्ल्यावरची शेळी दिसली. वर शेळी गाभण होती हे पण कळलं म्हणतो!"

काका माझ्याजवळ आले. "मग खरं काय ते सांग. आणि बघ, खोटं बोलताना तुझं डोळं मोठं होतात. जूनमधे टरबुजाएवढं झालं होतं."

मी डोळे शक्य तेवढे बारीक केले. मॅडमचा कागद घरी राहिला होता, पण त्या बारा ओळी मला पाठ होत्या. सांगायला लागलो. तीन वर्षांनी पदवी. मग दोन वाटा : पुढे एमएस्सी, किंवा बीएड करून हायस्कूलला, आश्रमशाळेला शिक्षिका. कंपन्यांत तापमान मोजायचे, दाब मोजायचे मीटर असतात. ते बरोबर दाखवतात का हे तपासायला माणूस लागतं, मुरबाडच्या एमआयडीसीतही लागतं. मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सरवर किरणं सोडायची यंत्रं असतात; ती किती सोडायची ते मोजणारा फिजिक्सवालाच असतो, पण त्याला एमएस्सीच्या पुढे आणखी शिकावं लागतं. बँक, रेल्वे, सरकारी परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येतात, फिजिक्सवाल्याला गणिताची सवय असते एवढाच फायदा.

"लगेच लागंल नोकरी?"

"नाय. कदाचित पहिल्या वर्षी काहीच नाय मिळणार. आणि मिळाली तरी सुरुवातीला पडघ्याच्या गोडाऊनवाल्याला जास्त मिळत असेल."

"आणि राकेट?"

"तिथं पण जातात काही. खूप शिकून. ती जाऊ शकेल असं मला वाटतं. पण ते तिचं तिनं ठरवायचं."

ते माझे डोळे बघत होते. मी पापणी हलवली नाही. बाजूने चिखलातून एक खेकडा आरामात चालत गेला, त्यालाही मी कासव म्हटलं नाही.

"मुरबाड म्हंजे एसटीनं जाऊन-येऊन."

"हो."

"आश्रमशाळा तर हिथं हाय. खालच्या पाड्याला."

"हो काका."

त्यांनी टोपी काढली, पिळली, पुन्हा घातली. "मग हे जूनमधी सांगायला तुझ्या तोंडाला काय झालं होतं? महिना झाला, मला झोप नाय."

आज मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. मला लोक करिअर मार्गदर्शनाला बोलावतात, कारण मी चांगलं बोलतो असं सगळे म्हणतात. मी अजूनही गोळाफेकीपासून सुरुवात करतो. झोपलेली पोरं त्याने उठतात. पण बारा ओळींपाशी आलो की डोळे बारीक करतो.

त्या सकाळी मात्र पुढचा प्रश्न वेगळा होता. सव्वादहा वाजले होते आणि दहाची एसटी दहाला गेली होती. आमच्या भागात एसटी वेळेवर जायला नेमका तोच दिवस मिळाला. काकांनी पाड्यावर हाक मारली. त्यांच्या चुलतभावाचा दुधाचा टेम्पो होता, रिकाम्या कॅनांसकट निघाला. आम्ही मागे चढलो, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला. शेवटच्या क्षणी काका पण चढले. "बघू दे तरी, कुठं बसते ती."

त्या टेम्पोने किती वेग घेतला ते मी सांगणार नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. एका वळणावर आम्ही आमच्याच मागच्या दिव्यांना ओव्हरटेक केलं. बाराला चार मिनिटं कमी असताना कॉलेजच्या फाटकात पोचलो. नाना दारात बादली घेऊन उभे होते. आठ जोड पाय, बादली एक. तिसऱ्या जोडीनंतर बादलीतलं पाणी पायांपेक्षा काळं झालं, तसे नाना म्हणाले, "मरू दे. जा आत."

प्राचार्य आले. दारात थांबले. फरशीवर बघितलं, आमच्या पायांकडे बघितलं, मग बोट वर केलं. "एक, दोन... सहा, सात, आठ, नऊ." बोट थांबलं. "नऊ?"

"मी हिचा बाप," काका म्हणाले. "मला मोजू नका."

मॅडमच्या टेबलावरचं रजिस्टर ओढून प्राचार्यांनी उभ्याउभ्याच सही केली आणि म्हणाले, "वर्ग चालू. आणि फरशी पुसून घ्या." नाना भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत होते. ते म्हणतात, धूळ होती. आषाढात!

मॅडमनी त्या दिवशी साधा लंबक लावायला दिला होता. दोरी, खालचा गोळा, वीस झोके मोजायचे, वेळ घ्यायचा, त्यावरून गुरुत्वाकर्षण काढायचं. काकांना नानांनी आमच्या टेबलाशी स्टूल दिलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून लंबकाकडे बघत होते, मान जराशी इकडून तिकडे जात होती. मी झोके मोजत होतो, डोळखांबची स्टॉपवॉच धरून होती. मी "थांब" म्हटलं, तिने बटण दाबलं, मी वहीत आकडे भरले, गणित केलं. गुरुत्वाकर्षण बारा आलं. यायला हवं होतं पावणेदहाच्या आसपास.

मॅडमनी वही बघून विचारलं, "झोके किती घेतलेस?"

"बावीस. दोन जास्तीचे घेतले, म्हणजे अचूक येईल."

"वीस झालं," स्टुलावरून काका म्हणाले. "मी मोजत होतो. इसाव्याला हा थांब म्हणाला. लिवताना बावीस लिवलं."

टेबलाभोवती सगळे इतके हसले की लंबकाची दोरी हलली. मी वीस लिहिलं, पुन्हा भागाकार केला, नऊ पूर्णांक नऊ आलं. डोळखांबचीने माझ्या हातातून पेन घेतलं आणि उत्तराच्या पुढे अधिक-उणे लावून चूक किती तो आकडा लिहिला.

काका उठले, मॅडमना हात जोडले. "बाई, दोनला सोडा यांना, एक खाचर ऱ्हायलंय. आणि याला पास करा हवं तर, पण मोजायला बसवू नका."

दोन वाजता टेम्पो फाटकाबाहेर उभा होता. आम्ही वर गेलो, उरलेलं खाचर लावलं. पुढची तीन वर्षं आमच्या टेबलावर झोके तिनेच मोजले, मी लिहून घेतलं.